तिसरी टोपली

लहानपणी मी आईला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न एका अक्षराचा होता. "ही?"

सकाळी सातच्या आत काकाची होडी मढच्या किनाऱ्याला लागायची. ताडपत्रीवर कोलंबीचा ढीग ओतला जायचा आणि त्याच्याभोवती आई, काकू आणि शेजारच्या तिघी-चौघी उकिडव्या बसायच्या. माझी शाळा दुपारची होती, त्यामुळे मीही. माल दोन टोपल्यांत निवडायचा असे. डोकं घट्ट असेल ती कोलंबी ओली विकायला बाजारात, डोकं सैल झालं असेल ती सुकवायला. एवढा साधा नियम. पण मी एकेक कोलंबी मिशीला धरून वर करायची आणि विचारायची, "आये, ही?" आई मान न वळवता सांगायची, "ओली." मी दुसरी उचलायची. "आये, ही?" "सुकवायची." मग तिसरी. चौथी-पाचवीपर्यंत आईचा धीर टिकायचा. धीर हा तसाही तिचा प्रांत नव्हता, आणि तो गुण माझ्यात पुरेपूर उतरला आहे.

"येकेक काय इचारतंस गो?" ती म्हणायची. "येकदा सांगितला ना. डोका घट ती हिकरं, सैल ती तिकरं. आता सगल्या ढिगाला तोच कायदा."

एकदा हे ठरलं की त्या बायका ढिगाकडे बघतसुद्धा नसत. कुणाच्या लग्नात कुणी काय नेसलं होतं याच्या गप्पा चालायच्या आणि बारा हात आपले चालत राहायचे. बघता बघता ताडपत्री रिकामी व्हायची.

टोपल्या मात्र दोन नसत, तीन असत. तिसरी लहान होती, आईच्या उजव्या गुडघ्यापाशी. बोटाला नीट कळलं नाही, घट्टही वाटलं आणि सैलही, की ती कोलंबी त्या टोपलीत जायची. सगळा ढीग निवडून झाला की आई मोठ्या दोन टोपल्या तशाच ठेवायची आणि आधी ही लहान टोपली पुढ्यात ओढायची. मग एकेक उचलून नाकाशी न्यायची, उजेडात धरायची, डोकं दाबून बघायची. मला ते उलटंच वाटायचं. बाजाराची घाई असताना या मूठभर कोलंबीचं एवढं काय कौतुक? एकदा मी तसं विचारलं.

"जिचा कलत नाय ती आधी बगायची," आई म्हणाली. "ती थांबत नाय."

म्हणजे चांगली ती थोडा वेळ चांगली राहणार, सुकवायची ती सुकणारच. मधली मात्र आपण विचार करत बसलो तर तेवढ्यात हातची जाते. हे सगळं तिने मला समजावून वगैरे सांगितलं नाही. तिने ते केलं आणि मी पाहिलं, आमच्याकडे शिकवण्याची पद्धत हीच होती.

पुढे मी बोरिवलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र घेतलं. घरात कुणाला हे काय असतं ते माहीत नव्हतं, खरं तर मलाही नव्हतं. दुसऱ्या वर्षी आम्हाला 'आर' नावाची संगणकाची भाषा लागली. शिकवायला एक सर मुलुंडहून दोन बस बदलून यायचे आणि आल्या आल्या पहिली पाच मिनिटं रस्त्याला शिव्या घालायचे. मला ते त्यामुळेच आवडले.

त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक काम दिलं. साठ मुलांचे गुण एका रांगेत दिले होते. अशा रांगेला व्हेक्टर म्हणतात, हे त्याच दिवशी कळलं. पस्तीस किंवा जास्त असतील तर पुढे 'पास' लिहायचं, नाहीतर 'नापास'. मी ऐटीत साधा 'इफ', म्हणजे 'जर'ची अट, लिहिला आणि सगळी रांग त्याच्या हवाली केली. यंत्राने लाल अक्षरांत काहीतरी कुरकुर केली, तिच्याकडे मी दुर्लक्ष केलं. उत्तर आलं : पास. सगळा वर्ग पास. कारण तो साधा 'इफ' फक्त पहिल्या मुलाकडे बघतो. निदान तेव्हाची आवृत्ती तरी तसं करायची, हल्लीची थेट अडून बसते. वरची एक कोलंबी दाबून बघायची आणि अख्खी टोपली ताजी म्हणून विकायची, असा तो प्रकार झाला.

"मन फार मोठं आहे तुझं," सर माझ्या पडद्याकडे बघत म्हणाले आणि पुढे गेले.

मग मी चिडून लूप लिहिलं. पहिला मुलगा घे, गुण बघ, निकाल लिही, मग दुसरा घे. बारा ओळी झाल्या. बरोबर चालल्या. मी सरांना हाक मारली. ते खुर्चीमागे उभे राहिले, बारा ओळी वाचल्या आणि म्हणाले, "अगं, एकेकाला काय विचारत बसलीस? नियम एकदा सांग. सगळ्या रांगेला सांग."

मला हसू फुटलं. असं फुटलं की थांबेना. सरांना वाटलं मी त्यांची टिंगल करतेय, म्हणून मला सगळं सांगावं लागलं. आई, ताडपत्री, घट्ट डोकं, सैल डोकं. अख्खा वर्ग ऐकत होता. मासळीचा विषय मी कॉलेजात कधी काढत नसे, आमच्या डब्याच्या वासावरून एकदोघींनी नाकं मुरडलेली मला पाठ होती. पण सर मन लावून ऐकत होते. त्यांनी माझ्या बारा ओळी पुसल्या आणि एक ओळ लिहिली. 'इफएल्स'. कंसात तीन गोष्टी : आधी अट, मग अट खरी ठरली तर काय, मग खोटी ठरली तर काय. साठ गुण आत गेले आणि साठ निकाल एकदम बाहेर आले, ज्याच्या त्याच्या जागी.

"आणि आईंना कळलंच नाही तर?" त्यांनी विचारलं. मी तिसऱ्या टोपलीचं सांगितलं.

 सरांनी रांगेतल्या एका मुलाचे गुण खोडून ती जागा रिकामी केली आणि तीच ओळ पुन्हा चालवली. त्या मुलापुढे पासही आलं नाही आणि नापासही. तिथे 'एनए' अशी दोन अक्षरं आली. यंत्र म्हणत होतं, मला माहीत नाही. ज्याचे गुणच माहीत नाहीत त्याचा निकाल मी कुठून सांगू?

"ही बघ तुझ्या आईची तिसरी टोपली," सर म्हणाले. "हिला कधी हात लावू नकोस. म्हणजे आईंसारखा लाव, नाहीतर लावू नकोस."

संध्याकाळी हे मी आईला सांगितलं. ती बोंबील साफ करत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एवढंच विचारलं, की हे शिकायला बोरिवलीपर्यंत जावं लागतं का. पण नंतर कितीतरी दिवस ती शेजारणींना सांगत होती, की माझी पोरगी कॉलेजात कोलंबी निवडते आणि मास्तर तिचं कौतुक करतात. ते दिवस आठवले की मला आजही बरं वाटतं. त्या वेळी माझ्या दोन्ही जगांचं एकमेकांशी पटत होतं.

नोकरी अंधेरीत लागली. आरोग्याच्या पाहण्या करणारी एक संस्था, तिच्या कचेरीत आकड्यांचं काम. सकाळी मढहून फेरीबोटीने वर्सोवा आणि तिथून रिक्षा. मी कामात हुशार निघाले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. नवी मुलं यायची आणि हमखास लूप लिहायची. मग मी त्यांना आईची गोष्ट सांगायची. पुढे तर मोबाईलवर आईचं चित्रीकरणच करून नेलं. त्यात ती समुद्राकडे तोंड करून काकूशी बोलतेय, ढिगाकडे एकदाही बघत नाही आणि दोन्ही हात झपाझप चाललेत. मुलं म्हणायची, "काय झकास हात आहे यार." मी म्हणायची, याला म्हणतात व्हेक्टरची विचारसरणी. बघायचं नाही, नियम सांगायचा.

ते चित्रीकरण मी किती जणांना दाखवलं असेल कोण जाणे. आता ते बघवत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या संस्थेने डोळ्यांची तपासणी घेतली. विक्रोळीच्या चाळी, मानखुर्दच्या वस्त्या आणि आमचं मढ. काम सोपं होतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वरची अक्षरं मोठी, खाली लहान होत जाणारी. माणूस किती ओळी वाचतो तो आकडा फॉर्मवर लिहायचा. ठरलेल्या ओळींपेक्षा कमी वाचल्या तर 'डॉक्टरांना दाखवा', नाहीतर 'गरज नाही'. फॉर्मवर नाव नाही, नुसता क्रमांक; नावं-पत्ते शिबिराच्या वेगळ्या वहीत. मढचं शिबिर होतं त्या दिवशी मी अंधेरीलाच होते. घरी आल्यावर आईला विचारलं, गेली होतीस का? ती म्हणाली, "झाली तपासनी." मी म्हटलं, छान. पुढे काही विचारलं नाही.

फॉर्म माझ्याकडे आले. हजारो आकड्यांची ती लांबलचक रांग, आणि मी तिला माझी आवडती ओळ सांगितली. निमिषात निकाल लागले. मधूनमधून, शंभराच्या आसपास असतील, 'एनए' दिसत होते. तिथे ओळींचा आकडाच भरलेला नव्हता.

अहवाल दुपारी जायचा होता. साहेबांना त्यात दोन रंगांचं गोल चित्र हवं होतं, हिरवं आणि लाल. माझ्या चित्रात करड्या रंगाची एक फाक येत होती. ते म्हणाले, हे मध्येच काय आहे, देणगीदार विचारतील, काहीतरी कर ना यार. त्यांनी हेच कर असं सांगितलं नव्हतं, हे मी मुद्दाम लिहितेय. केलं ते मी केलं. मी मनाशी म्हटलं, ज्याला खरंच दिसत नसेल तो तसं बोलला असता, आणि स्वयंसेवकांनी लिहिलं असतं. काही लिहिलेलं नाही म्हणजे तक्रार नाही. आणि आणखी एक ओळ लिहिली : जागा रिकामी असेल तर 'गरज नाही'. पुढ्यातला चहा निवायच्या आत करडी फाक हिरव्यात मिसळून गेली. चित्र छान दिसत होतं.

यंत्र शेवटपर्यंत म्हणत होतं, मला माहीत नाही. मीच त्याला गप्प केलं.

त्यानंतरच्या वर्षभरातल्या खुणा आता मला एकेक आठवतात. फेरीबोटीतून उतरताना आई आधी पायाने धक्का चाचपायची. गुडघ्यांचं कारण सांगून तिने बाजाराला जाणं सोडलं. आणि तिची तिसरी टोपली मोठी होत चालली होती. आधी मूठभर माल असायचा, तो निम्मी टोपली, मग पाऊण. मी आपली थट्टा करायची, आये, आता तुला काहीच पसंत पडत नाही. ती हसायची. नाकाशी नेणं वाढलं होतं, उजेडात धरणं बंद झालं होतं. एवढं ढळढळीत समोर घडत होतं आणि मी, जिचा धंदाच आकड्यांतून खुणा शोधण्याचा, मी थट्टा करत होते.

नारळी पौर्णिमेला कळलं. होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावायचा मान आमच्या घरात आईचा. तिने बोट कुंकवात बुडवलं, हात पुढे केला आणि कुंकू नाळेच्या उजवीकडे, हवेत लावलं. एकदा. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा तिने डाव्या हाताने लाकूड चाचपलं आणि त्या हाताशेजारी टिळा लावला. बँडच्या गोंगाटात कुणाच्या लक्षात आलं नाही. काकूच्या आलं आणि माझ्या आलं.

दुसऱ्याच दिवशी अंधेरीला डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू होता. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो. उजवा डोळा जवळजवळ गेला होता आणि गेलेलं परत येत नाही. डावा थेंबांवर राखता येईल, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, गेल्या वर्षा-दोन वर्षांत कधी तपासणी नाही झाली? तेव्हा सापडलं असतं तर बरंचसं वाचलं असतं.

झाली होती, मी म्हटलं.

परत येताना फेरीबोटीत मी आईला विचारलं, की शिबिरात तू किती ओळी वाचल्यास. आई दुसरीतून शाळा सोडलेली. ती पाण्याकडे बघत खालच्या आवाजात म्हणाली, "मना वाचता कुठं येतं गो?"

मग सगळं कळलं. भिंतीवर अक्षरं बघून तिला वाटलं, ही वाचनाचीच परीक्षा आहे. तिने त्या स्वयंसेवक मुलीला सांगितलं की मला वाचता येत नाही. तिच्या मागे उभ्या असलेल्या चौघीजणींनीही तेच सांगितलं. ती मुलगी बिचारी ओशाळली, कुणाला कमीपणा वाटू नये म्हणून तिने पुढे काही विचारलं नाही आणि जागा कोरी सोडली. आणि आई पन्नास वर्षांनी पुन्हा एकदा नापास झाल्यासारखी घरी आली आणि मला म्हणाली, झाली तपासणी.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन तिच्या फॉर्मचा क्रमांक काढला. ओळींचा रकाना कोरा. शेजारच्या रकान्यात 'गरज नाही'. ते शब्द माझे होते.

आईला सांगायला मला दोन दिवस लागले. मी भित्री नाही, पण तेव्हा भ्याले. ती ओट्यावर बसून डोळ्यांत थेंब घालून घेत होती, मीच घालत होते. सांगितलं की नावांऐवजी आकडे होते, काही जागा कोऱ्या होत्या आणि त्यात तुझी होती. तिने डोळे मिटलेलेच ठेवले.

"मंग मना कनच्या टोपलीन टाकलंस?"

"चांगल्या."

 थेंब गालावरून ओघळत होते, ते तिने पदराने पुसले. मग म्हणाली, "आनि बाकीच्या?"

"त्याही."

"मंग हितं काय बसलंस?"

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते रागावले, मग त्यांनी मला रजा नाही तर काम म्हणून महिनाभर मोकळं केलं. त्यांचेही उपकार आहेत. मी एक वेगळा तक्ता घेतला, ज्यात अक्षरं वाचावी लागत नाहीत. तीन दांड्यांची एक खूण असते, तिची तोंडं वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. दांड्या जिकडे असतील तिकडे माणसाने नुसता हात करायचा. हा तक्ता पहिल्यापासून मिळत होता. कुणाला सुचला नव्हता.

कोऱ्या जागांसाठी एक ओळ लिहून भागत नाही, हे मी त्या महिन्यात शिकले. तिथे लूपच लागतं, आणि ते पायांनी फिरायचं असतं. विक्रोळीच्या चाळी मी चढले, मानखुर्दच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. मढमध्ये आई बरोबर आली. दारात उभी राहून ती आधी बायकांना सांगायची, की हे वाचायचं नाही, हात दाखवायचा, मला पण आधी ठाऊक नव्हतं. तिच्या मागे उभ्या असलेल्या त्या चौघींपैकी एकीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, आणखी एकीला काचबिंदूची सुरुवात. दोघींना वेळेत डॉक्टर मिळाला. घरी येताना आई एकदम खुशीत होती. मी तिच्या उजव्या बाजूने चालत होते, कारण त्या बाजूचं तिला दिसत नाही, आणि मला रडू येत होतं तेही तिला दिसलं नाही.

कचेरीत मी अजूनही नव्या मुलांना 'इफएल्स' शिकवते. चित्रीकरण दाखवत नाही. अट लिहायच्या आधी कोऱ्या जागा वेगळ्या काढायला लावते आणि त्यांची यादी छापून टेबलावर ठेवायला लावते. मुलं वैतागतात. वैतागू देत.

रविवारी मी किनाऱ्यावर असते. ताडपत्री तीच, काकू तीच, गप्पाही बहुतेक त्याच. मोठ्या दोन टोपल्या आई अजून स्वतः निवडते, बोटांना काही झालेलं नाही. मग ती लहान टोपली पुढ्यात ओढते. उजेडात धरून आता तिला काही कळत नाही, म्हणून ती एकेक कोलंबी मिशीला धरून वर करते आणि माझ्याकडे नेते.

"ही?" आई विचारते.

"ओली," मी सांगते.

ती दुसरी उचलते. "ही?"

"सुकवायची."

"ही?"

टोपली रिकामी होईपर्यंत ती विचारत राहते आणि मी प्रत्येक कोलंबी नीट बघून उत्तर देते.